परक्या घरी ठेवलेले मूल आणि राज्याची जबाबदारी

शास्त्रपाठ : अनुवाद २१:१-९, एस्तेर २:५-११, यिर्मया २२:१-५, याकोब १:२७

एखाद्या शेतात कोणाचे तरी प्रेत आढळले आणि मारणारा कोण हे कळले नाही, तर काय करावे ह्याविषयी मोशेच्या नियमशास्त्रात एक नियम आहे. शब्बाथ शाळेत हा भाग आपण बहुधा गाळतो. गावोगावच्या वडिलांनी व न्यायाधीशांनी बाहेर जायचे आणि प्रेतापासून आसपासच्या गावांचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळचे ठरेल त्याच्या वडिलांनी कधी कामाला न जुंपलेली कालवड घ्यायची, वाहत्या पाण्याच्या व नांगर न फिरलेल्या खोऱ्यात तिची मान मोडायची आणि तिच्यावर आपले हात धुवायचे. हे रक्त आमच्या हातांनी पाडले नाही व आमच्या डोळ्यांनी पाहिले नाही, असे देवापुढे सांगून त्यांनी लोकांसाठी क्षमा मागायची.

वाचताना मनात प्रश्न येतो. त्या बिचाऱ्या वडिलांवर संशय घेतला तरी कोणी होता? यहूदी गुरूंनाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याचे उत्तर मिश्ना ह्या ग्रंथात आहे. त्याचा मतलब असा : वडील खुनी आहेत असे कोणी म्हणत नाही. पण तो मनुष्य आमच्या दारी आला असता आम्ही त्याला उपाशी घालवले नाही, आणि तो वाटेने जात असता आम्ही त्याला सोबतीवाचून जाऊ दिले नाही, एवढे त्यांना देवासमोर सांगता आले पाहिजे.

म्हणजे शास्त्राप्रमाणे दोष दोन प्रकारचा आहे. एक हात उगारणाऱ्याचा. दुसरा, ज्याच्या हद्दीत ते घडले व ज्याने पाहायला हवे होते त्याचा. आजचा आपला पाठ ह्या दुसऱ्या दोषाविषयी आहे. आणि तो अशा मुलांविषयी आहे की ज्यांना सरकारने स्वतः त्यांच्या घरातून काढून दुसऱ्याच्या घरात ठेवले.

१. सांभाळायला दिलेले मूल

दत्तक घेतलेले मूल आणि सांभाळायला दिलेले मूल ह्यांत फरक आहे. दत्तक मूल कायद्याने त्या घरचे होते. त्याला नाव मिळते, वारसा मिळतो. आईबाप आजारी आहेत, तुरुंगात आहेत, त्यांनी टाकले आहे किंवा ते छळ करतात, अशा मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवतात, तेव्हा त्याला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने 'फॉस्टर केअर' म्हणतात. आपण अशा कुटुंबाला प्रतिपालक कुटुंब म्हणू. तेथे मूल राहते, जेवते, शाळेला जाते. पण त्याची अंतिम जबाबदारी सरकारकडेच असते. कुटुंबाला त्याच्या खर्चासाठी भत्ता मिळतो.

ही व्यवस्था मुळात चांगली आहे. शंभर मुलांच्या रांगेत थाळी घेऊन उभे राहण्यापेक्षा एका घराच्या चुलीजवळ बसणे मुलाला केव्हाही बरे. पण तिच्यात एक धोका आहे. अनाथाश्रमाला फाटक असते, पाटी असते, येणारेजाणारे असतात. घराला फक्त दार असते, आणि ते आतून लावता येते.

सरकारजवळ फार मोठा अधिकार आहे. आईच्या कुशीतून मूल उचलण्याचा अधिकार न्यायालयाशिवाय दुसऱ्या कोणाला आहे? ज्याने उचलले त्याने ते कोठे ठेवले व कसे ठेवले ह्याचा हिशेब द्यायला नको काय? हा प्रश्न जगात कसा पुढे आला हे एका मुलाच्या हकिकतीवरून पाहू.

२. डेनिस ओ'नील

वेल्समधील न्यूपोर्ट गावात ओ'नील नावाचे गरीब कुटुंब होते. मुलांची हेळसांड होते म्हणून न्यायालयाने त्यांना आईबापांपासून काढून नगरपालिकेच्या स्वाधीन केले. १९३३ च्या इंग्लंडच्या कायद्यात अशा वेळी मूल 'योग्य व्यक्ती'च्या हवाली करावे असे होते, आणि नगरपालिकेलाही अशी 'व्यक्ती' मानता येत असे. म्हणजे ह्या मुलांना कायद्याने बाप मिळाला तो एक कार्यालय होता.

१९४४ च्या उन्हाळ्यात डेनिस व त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स ह्यांना इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात मिन्स्टर्लीजवळच्या एका एकाकी शेतघरात गॉफ नावाच्या जोडप्याकडे ठेवण्यात आले. घर चांगले आहे की नाही ह्याची नीट चौकशी कोणी केली नाही. युद्धाचे दिवस होते, माणसे कमी होती, आणि मुलांना घेणारी घरे मिळत नव्हती. मिळाले ते घर घेतले.

मुलांना तेथे थोड्याशा पावाखेरीज फारसे खायला मिळत नसे. भुकेने व्याकूळ झालेला डेनिस गाईच्या आचळाला तोंड लावून दूध पिई. त्याच्या पायांना जखमा होऊन त्या चिघळल्या होत्या. रोज रात्री दिवसभराच्या चुका मोजून छड्या मारल्या जात.

२० डिसेंबर १९४४ रोजी न्यूपोर्टच्या कार्यालयातील एक तरुण कर्मचारी बाई त्या घरी गेली. डेनिसचा चेहरा पाहून तिला शंका आली. डॉक्टरांना बोलवा असे तिने घरच्या बाईला सांगितले आणि परत जाऊन मुलांना तेथून तातडीने हलवावे असा अहवाल दिला. तिने आपले काम केले. पण मध्ये नाताळ आला, कार्यालयात कोणी आजारी, कोणी रजेवर. कागद टेबलावर राहिला. ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस मेला. तो १२ वर्षांचा होता. छातीवर व पाठीवर झालेल्या मारहाणीने, आणि मुळात उपासमारीने खंगलेल्या शरीरामुळे, त्याचे हृदय बंद पडले असे डॉक्टरांनी सांगितले.

शेतकऱ्याला मनुष्यवधाबद्दल ६ वर्षांची व त्याच्या बायकोला मुलांच्या हेळसांडीबद्दल ६ महिन्यांची शिक्षा झाली. हात उगारणाऱ्याचा हिशेब येथे संपला. पण इंग्लंडमधील लोकांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

३. अंतर मोजले गेले

सरकारने सर वॉल्टर मंक्टन ह्या नामांकित वकिलाकडे चौकशी सोपवली. १९४५ च्या मे महिन्यात अहवाल प्रसिद्ध झाला. मुले न्यूपोर्टची आणि घर श्रॉपशायरमध्ये. दोन कार्यालयांत पत्रे गेली, पत्रे आली. पण त्या दारावर जाऊन कडी कोणी वाजवायची हे नक्की झाले नाही. न्यूपोर्टला वाटे, जवळचे लोक पाहतील. जवळच्यांना वाटे, मुले त्यांची आहेत. अनुवादाच्या २१ व्या अध्यायातील वडिलांनी जे काम दोरीने केले ते मंक्टन ह्यांनी कागदपत्रांनी केले. त्यांनी अंतर मोजले, आणि जबाबदारी मुलांना ताब्यात घेणाऱ्या न्यूपोर्टची होती असे स्पष्ट सांगितले. घराची निवड व देखरेख ही दोन्ही कामे नीट झाली नाहीत असे त्यांनी लिहिले.

ह्या प्रकरणाच्या आधीच, १९४४ च्या जुलैमध्ये, लेडी ॲलन ह्या बाईंनी लंडनच्या 'टाइम्स' पत्राला पत्र लिहून संस्थांतील मुलांच्या हालांकडे लक्ष वेधले होते. डेनिसच्या मृत्यूने त्या मागणीला जोर आला. मायरा कर्टिस ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. घरच्या मायेला पारखी झालेली सुमारे सव्वा लाख मुले देशात आहेत, आणि त्यांची जबाबदारी निरनिराळ्या खात्यांत वाटली गेल्यामुळे ती कोणाचीच राहिलेली नाही, असे समितीला आढळले.

समितीने सुचवलेला उपाय साधा होता. प्रत्येक स्थानिक संस्थेत मुलांसाठी एकच समिती असावी आणि एक बाल अधिकारी असावा. आणि त्या अधिकाऱ्याने मुलांना कागदावरून नव्हे, तोंडओळखीने ओळखावे. कायद्यातील 'योग्य व्यक्ती' ही आजवर एक कचेरी होती. तिच्या जागी नावगाव असलेले, डोळे व कान असलेले, उद्या ज्याला उभे करून विचारता येईल असे माणूस असावे, हा त्यामागचा हेतू. १९४८ च्या बालक कायद्याने हे अमलात आले, आणि ताब्यातील प्रत्येक मुलाचे हित साधणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरले.

अगाथा ख्रिस्ती ह्या लेखिकेने ह्या घटनेवरून सुचलेल्या कल्पनेवर एक नाट्यकृती लिहिली. तिचेच पुढे 'माउसट्रॅप' हे नाटक झाले व ते १९५२ पासून लंडनमध्ये गाजत आले. ते लाखो लोकांनी पाहिले आहे. मुलाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

४. कायदा झाला म्हणजे भागले काय?

नाही. १९७३ च्या जानेवारीत इंग्लंडमध्येच मारिया कोलवेल नावाची ७ वर्षांची मुलगी मारहाणीने मेली. तिची गोष्ट उलटी आहे. ती आपल्या आत्याकडे सांभाळायला होती व सुखी होती. तिला तेथून काढून आईकडे परत पाठवले आणि सावत्र बापाने तिला मारले. शेजाऱ्यांनी व शाळेतील बाईंनी धोक्याच्या सूचना दिल्या होत्या. पण एका खात्याचे दुसऱ्याला कळत नव्हते. म्हणून प्रतिपालक घरे वाईट व रक्ताची घरे चांगली असा सोपा हिशेब कोणी करू नये. प्रश्न घराच्या प्रकाराचा नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा आहे.

पुढचा टप्पा कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात सरकारी ताब्यात वाढलेल्या एका स्त्रीने मोठेपणी दावा लावला. १९८५ ते १९८८ ह्या काळात दोन प्रतिपालक घरांत तिचा छळ झाला होता. एका घरी मारहाण व मानसिक जाच, दुसऱ्या घरी लैंगिक अत्याचार. हे घडले असे न्यायालयाने मान्य केले. पण अधिकाऱ्यांनी निष्काळजीपणा केल्याचे सिद्ध झाले नाही. मग भरपाई कोणी द्यायची? खालच्या दोन न्यायालयांनी परगण्याच्या कौन्सिलला जबाबदार धरले नाही.

१८ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती रीड ह्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : प्रतिपालक लोक आपला स्वतंत्र धंदा करीत नाहीत, कौन्सिलचे कर्तव्य ते कौन्सिलच्या वतीने पार पाडतात. कौन्सिलच त्यांना निवडते, शिकवते, भत्ता देते, त्यांच्यावर देखरेख ठेवते. मुलाला त्या घरी ठेवल्यानेच ते ह्या धोक्यात आले. आणि भरपाई देण्याची ऐपत त्या कुटुंबाची क्वचितच असते, कौन्सिलची असते. म्हणून नोकराच्या गुन्ह्याबद्दल जसा मालक जबाबदार धरला जातो तशीच कौन्सिलही येथे जबाबदार आहे. मात्र मुलाची काळजी घेण्याचे काम दुसऱ्यावर सोपवताच येत नाही, इतके कडक कर्तव्य कौन्सिलवर आहे, हा दुसरा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही.

काही जण म्हणतील, सरकार प्रत्येक घरात कोठवर डोकावणार? आणि असा बोजा टाकला तर कोणी मूल ठेवायलाच धजणार नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण तो उलटून पाहा. एखाद्या गृहस्थाने शेजाऱ्याची ठेव घेतली व ती तिसऱ्याकडे ठेवली, तर ती बुडाल्यावर 'मी चोरली नाही' एवढे म्हणून त्याची सुटका होते काय? दागिन्याच्या बाबतीत जो न्याय आपल्याला सहज पटतो तो मुलाच्या बाबतीत जड का वाटावा? बोजाची भीती असेल तर तिने घरे अधिक काळजीने निवडली जावीत, हेच योग्य.

५. आपल्या देशात

हे सर्व परदेशातले, असे म्हणून पुस्तक मिटू नये. आपल्याकडे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू आहे. त्याच्या ४४ व्या कलमात प्रतिपालक कुटुंबाची तरतूद आहे. मूल अशा कुटुंबात ठेवण्याचा आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. कुटुंबाला पैसा राज्य सरकार देते. आणि समितीने अशा कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करावी, काळजी घेण्यात उणीव दिसली तर मुलाला तेथून काढावे, असे त्याच कलमात आहे. केंद्र सरकारने ह्यासाठी २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२४ मध्ये त्या सुधारल्या.

संस्थांसाठी ५४ वे कलम आहे. किमान तीन जणांच्या तपासणी समितीने, ज्यात एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, प्रत्येक बालगृहाला तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते. नोंदणीवाचून मुलांची संस्था चालवणे हा गुन्हा आहे.

कागदावर हे चांगले आहे. पण गोव्यातील वाचकांना १९९१ साल आठवत असेल. मडगावात मुलांसाठी आश्रय चालवणारा एक गृहस्थ पकडला गेला. समाजात त्याला मान होता. आश्रयाला आलेल्या मुलग्यांचा तो वर्षानुवर्षे परदेशी पाहुण्यांसह लैंगिक छळ करीत होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला व मुलांचे न्यायालय स्थापले.

२०१८ मध्ये बिहारातील मुझफ्फरपूरचे प्रकरण बाहेर आले. तेथील मुलींच्या निवासगृहाला सरकारी पैसा मिळत होता. अधिकारी येत होते, जात होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लोकांनी राज्यातील संस्थांची पाहणी केली, मुलींशी स्वतंत्रपणे बोलले, आणि जे ऐकले ते अहवालात लिहिले. तेव्हा कोठे दार उघडले. २०२० च्या जानेवारीत दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. वाचकहो, त्या दोषींत केवळ संस्था चालवणारे नव्हते. बाल कल्याण समितीवरचे लोक व बाल संरक्षण अधिकारीही होते. ज्यांना सोबत म्हणून नेमले होते, तेच वाटमारीत सामील निघाले.

यिर्मया संदेष्ट्याला देवाने राजवाड्यात पाठवले ते ह्यासाठीच. परका, पोरका व विधवा ह्यांच्यावर जुलूम होऊ नये, ही ताकीद त्याने प्रथम राजाला, त्याच्या सेवकांना व त्याच्या वेशीतून येणाऱ्यांना दिली. आपण अधिकाऱ्यांसाठी उपासनेत प्रार्थना करतो. ज्याच्यासाठी प्रार्थना करतो त्याला प्रश्न विचारणे हा अपमान नव्हे.

६. आपल्या दाराशी

सरकारकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात. न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून एका राजकीय आयोगाने १९५० नंतरच्या काळातील चौकशी केली. २०२४ च्या जुलैमध्ये त्याचा अंतिम अहवाल आला. १९५० ते २०१९ पर्यंत सरकारी व धार्मिक संस्थांच्या ताब्यात असलेल्या सुमारे ६,५५,००० मुलांपैकी व असहाय प्रौढांपैकी अंदाजे २,००,००० जणांचा छळ झाला, असे त्यात म्हटले आहे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी तेथील पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये क्षमा मागितली. ह्या आकड्यात चर्चने चालवलेली घरेही आहेत, हे आपण लपवू नये.

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुलांच्या एका वसतिगृहाच्या समितीवर होतो. वर्षातून दोनदा आम्ही भेट देत असू. मुले अंघोळ करून, तेल लावून, रांगेत उभी असत. गीत होई. आम्ही स्वयंपाकघर पाहत असू, धान्याची कोठी पाहत असू, हिशेबाच्या वह्या पाहत असू. मग कार्यालयात चहापोहे, आणि भेटीच्या वहीत शेरा : सर्व ठीक आहे. खाली सही.

पुढे एका लग्नात एक तरुण भेटला. नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, ओळखलंत का? तुम्ही लोक यायचात त्या दिवशी आम्हांला अंडी मिळायची. आम्ही तुमची वाट पाहायचो."

मी हसलो. तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "रात्री काय व्हायचं, ते मात्र तुम्ही कधी विचारलं नाहीत."

त्याने त्याहून अधिक सांगितले नाही आणि मलाही तेथे विचारण्याचे धैर्य झाले नाही. घरी आल्यावर मी आठवू लागलो की त्या सगळ्या भेटींत मी एका तरी मुलाशी एकट्याने बोललो होतो काय? नव्हतो. एका मुलाचे तरी नाव मला ठाऊक होते काय? नव्हते. मी धान्याची कोठी पाहिली होती. ज्यांच्यासाठी धान्य होते त्यांना पाहिले नव्हते. हे रक्त आमच्या हातांनी पाडले नाही, हे मला म्हणता येईल. आमच्या डोळ्यांनी पाहिले नाही, हेही खरे. पण ते मी पाहिलेच नाही म्हणून.

७. मर्दखयाच्या फेऱ्या

एस्तेर ही आईबाप नसलेली मुलगी. चुलतभाऊ मर्दखय ह्याने तिला मुलीप्रमाणे वाढवले. मग राजाच्या हुकुमाने तिला राजवाड्यात नेले, म्हणजे सरकारने तिला ताब्यात घेतले असेच म्हणा. तेथे हेगे नावाचा अधिकारी होता. तो तिच्याशी चांगला वागला. तिला चांगले अन्न, चांगली जागा व दासी मिळाल्या. तरीही मर्दखय रोज, होय, रोज, त्या अंगणासमोरून फेऱ्या घालीत असे, ती कशी आहे हे कळावे म्हणून.

अधिकारी चांगला आहे म्हणून त्याने फेरी चुकवली नाही. त्याला आत जाण्याचा अधिकार नव्हता, म्हणून 'आपल्या हातात काय आहे' असेही तो म्हणाला नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना ह्या एका वचनावर एक पूर्ण पाठ घेता येईल.

आपल्या फेऱ्या कोणत्या?

पहिली : आपल्या वर्गात कोणाकडे तरी सांभाळायला राहिलेले मूल असेल, मग ते सरकारने ठेवलेले असो वा नातेवाइकांकडे असो, तर त्याचे नाव, आवड, वाढदिवस आपल्याला ठाऊक असावा. ते दोन रविवार दिसले नाही तर तिसऱ्या रविवारची वाट पाहू नये.

दुसरी : मूल अचानक गप्प झाले, अन्न लपवू लागले, एखाद्याचे नाव काढताच अंग चोरू लागले, घरी जाण्याची वेळ झाली की रेंगाळू लागले, तर लक्ष द्यावे. ह्यावरून काही सिद्ध होत नाही. पण विचारपूस करण्यास कारण मिळते.

तिसरी : मुलाने काही सांगितलेच तर शांतपणे ऐकावे. "असं कसं होईल, ते तर किती चांगले लोक आहेत," हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नये. "कोणाला सांगणार नाही," असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. तेच तेच प्रश्न विचारून त्याला थकवू नये.

चौथी : लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मंडळीची अब्रू जाईल म्हणून वडिलांनी बसून आपसात मिटवण्याची ही बाब नव्हे. १०९८ ह्या क्रमांकावर कोणीही, मूलसुद्धा, फोन करू शकते. मुलाचे नाव मात्र चव्हाट्यावर आणू नये. तेही कायद्याने मना आहे.

पाचवी : जिल्ह्यात किती मुले प्रतिपालक कुटुंबांत आहेत, त्यांच्या मासिक पाहण्या झाल्या काय, तपासणी समितीने बालगृहांना शेवटची भेट केव्हा दिली, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. मुलांची नावे मागू नयेत. तारखा व संख्या मागाव्यात. एखाद्या मंडळीच्या तरुण संघाने असा एक साधा अर्ज केला तर तेही मर्दखयाच्या फेऱ्यांपैकीच होईल.

याकोबाने शुद्ध धर्माची खूण सांगताना अनाथ व विधवा ह्यांच्या संकटात त्यांचा समाचार घेण्याविषयी लिहिले आहे. समाचार घेणे म्हणजे वर्गणी पाठवणे नव्हे. स्वतः जाऊन पाहणे, ऐकणे, आणि दार लावलेले असेल तर कडी वाजवणे. डेनिसच्या दाराशी ती तरुण बाई गेली, तिने पाहिले, लिहिले. ती गेली नसती तर चौकशीत सांगायलाही कोणी उरले नसते. तिच्या कागदावर हात पुढे करणारा दुसरा कोणी त्या तीन आठवड्यांत भेटला असता तर मुलगा वाचला असता.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. अनुवाद २१ मधील वडिलांना, गुन्हा त्यांनी केलेला नसता, हात का धुवावे लागत? आजच्या काळात ते वडील कोण?

२. न्यूपोर्टच्या कर्मचारी बाईने आपले काम केले, तरी मुलगा मेला. आपल्या मंडळीत एखादी तक्रार कोणाच्या टेबलावर अडते?

३. अधिकाऱ्यांचा निष्काळजीपणा सिद्ध झालेला नसतानाही कौन्सिलने भरपाई द्यावी, हा २०१७ चा निकाल तुम्हांला न्याय्य वाटतो काय? का?

४. हेगे चांगला असूनही मर्दखय रोज का जात असे?

५. आपल्या गावाजवळ मुलांचे वसतिगृह किंवा बालगृह आहे काय? तेथील एका तरी मुलाचे नाव तुम्हांला ठाऊक आहे काय?

शिक्षकांस सूचना : लहान वर्गात डेनिसची हकिकत सांगू नये, एस्तेर व मर्दखय ह्यांची गोष्ट पुरे. मात्र आपल्याला कोणी दुखवले तर ज्यांना सांगता येईल अशा दोन मोठ्या माणसांची नावे प्रत्येक मुलाने मनात ठरवावीत, एवढे त्यांच्याकडून करून घ्यावे. एखाद्या मुलाला दोन नावे सापडली नाहीत, तर त्यातले एक नाव आपले व्हावे अशा रीतीने पुढचे रविवार त्याच्याशी वागावे.